संत झेली मार्टिन : लेस, लेकरे आणि श्रद्धा

कॅथलिक आईची श्रद्धा घरकामातून उरलेल्या वेळात वाढते की त्या कामातच, याचा शोध घेताना झेली मार्टिनच्या पत्रांइतका भरवशाचा आधार क्वचितच मिळतो. झेली ही बाल येशूच्या संत तेरेझाची आई. १८६३ ते १८७७ या काळात भाऊ, भावजय आणि लेकींना लिहिलेली तिची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत उपदेश थोडा आहे. मुलांची आजारपणे, मोलकरणीची अडचण, लेसच्या कामाची घाई आणि देवावरचा भरवसा हे सारे एकाच परिच्छेदात येते. पत्रांचे मोल नेमके याच सरमिसळीत आहे.

झेलीचा जन्म १८३१ चा, फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा. तिला धर्मभगिनी व्हायचे होते, पण मठाने नकार दिला. मग आलाँसाँ गावच्या प्रसिद्ध लेसचा तिने स्वतःचा व्यवसाय उभारला. कारागीर बायका आपापल्या घरी सुईने तुकडे विणत आणि ते बेमालूम जोडण्याचे नाजूक काम झेली स्वतः करी. १८५८ मध्ये लुई मार्टिन या घड्याळजीशी तिचा विवाह झाला. १८७० मध्ये लुईने आपले दुकान सोडले आणि तो बायकोच्या व्यवसायात हातभार लावू लागला. आईला धीर मिळतो तो असा, कुणीतरी ओझ्याला खांदा दिला की.

नवराबायको पहाटे साडेपाचच्या मिस्सेला जात. घरात रोजची प्रार्थना होई, मे महिन्यात पवित्र मरियेची वेदी सजे. वसईच्या गावांतली संध्याकाळची रोझरी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे घर परके वाटणार नाही.

१८६० ते १८७३ या काळात तिला नऊ मुले झाली. त्यांतली चार दगावली, दोन मुलगे आणि एक मुलगी तान्हेपणीच, तर एलेन पाच वर्षांची होऊन. ही मुले झालीच नसती तर बरे, असे सांत्वन करणारे लोक तेव्हाही होते. झेलीला ते पटत नसे. मुले कायमची गमावलेली नाहीत, स्वर्गात पुन्हा भेटतील, असे तिने लिहिले. तरी तिने दुःख लपवले नाही. श्रद्धा म्हणजे न रडणे, असा अर्थ तिने कधी काढला नाही.

तिची खरी कसोटी लेओनीने पाहिली. ही तिसरी मुलगी हट्टी, अभ्यासात मागे. ल मान्सच्या मठशाळेने तिला घरी परत पाठवले. झेलीची बहीण त्याच मठात धर्मभगिनी होती. १८७७ च्या आरंभी ती मरणाला टेकली, तेव्हा स्वर्गात गेल्यावर लेओनीसाठी मरियेकडे शब्द टाक, अशी गळ झेलीने तिला घातली. फेब्रुवारीत बहीण गेली. थोड्याच दिवसांत उघड झाले की घरची मोलकरीण लेओनीला धाकात ठेवून गुपचूप छळत होती. झेलीने मोलकरणीचा मुलीवरचा ताबा काढून घेतला आणि लेओनी आईला बिलगू लागली. झेलीने हे आपल्या मागण्याचे उत्तर मानले. मुलीचे दुखणे इतके दिवस नजरेआड राहिले, याची सल मात्र त्या पत्रांत आहे. प्रार्थना आणि डोळस देखरेख यांतले एक दुसऱ्याची जागा घेत नाही, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा प्रसंग या पत्रसंग्रहात दुसरा नाही.

तोवर झेलीचा स्तनाचा कर्करोग बळावला होता. जूनमध्ये तिघी मोठ्या लेकींना घेऊन ती लूर्दला गेली. बरे वाटले नाही. २८ ऑगस्ट १८७७ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी ती वारली. धाकटी तेरेझा तेव्हा चार वर्षांची होती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला घरगुती चर्च म्हटले आणि आईवडिलांना मुलांचे पहिले श्रद्धाशिक्षक. झेलीच्या घरी हे शतकभर आधी रोज घडत होते. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी झेली आणि लुई यांना एकत्र संत घोषित केले. असा मान मिळालेले हे पहिले दांपत्य. लेओनी, अनेक प्रयत्न फसल्यानंतर, १८९९ मध्ये काँच्या मठात शिरली आणि १९४१ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिली. तिच्याही संतपदाच्या प्रक्रियेला २०१५ मध्येच सुरुवात झाली.