घरचे वळण आणि परीक्षेचे गुण
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मुलांच्या संगोपनाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी ऋणी आहे. मी शिक्षणशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन मुले शिकविण्यात उमर घालविलेला मी एक साधा मास्तर आहे. त्यामुळे विद्वत्तेचे काही सांगण्यापेक्षा नांदेड-लातूर या दोन जिल्ह्यांतील आपल्या घरांत आज जे प्रत्यक्ष चालले आहे, तेवढ्यापुरतेच बोलावे असा माझा विचार आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्या भागातील आई-बाप मुलांच्या शिक्षणासाठी जीव टाकतात, यात त्यांचा दोष नाही. ही भूक फार जुनी आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमच उर्दू होते. मातृभाषेतून शिकावयाचे तर स्वामी रामानंद तीर्थांसारख्या त्यागी पुरुषांनी हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे चालविलेल्या शाळांसारख्या मोजक्याच जागा होत्या. पुढे 1950 साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, 1958 साली तेव्हाच्या औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झाले, 1961 साली लातूरला दयानंद महाविद्यालय व 1970 साली राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झाले. नांदेडचे विद्यापीठ तर 1994 सालचे. ज्यांच्या आजोबांस अक्षर गिरवावयास मिळाले नाही, त्यांचे नातू डॉक्टर व्हावेत असे वाटणे हे स्वाभाविकच नव्हे काय?

या भुकेतूनच ‘लातूर पॅटर्न’ जन्मास आला. आरंभी त्याचे स्वरूप अगदी सात्त्विक होते. महाविद्यालयातील प्राध्यापकांनी तासांव्यतिरिक्त वेळ द्यावा, वरचेवर सराव परीक्षा घ्याव्यात आणि कच्च्या मुलास पुन्हा शिकवावे, एवढेच त्याचे मर्म होते. त्या कष्टांमुळे खेड्यापाड्यांतील मुलांची नावे राज्याच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली व मागासलेल्या म्हणून हिणविलेल्या मराठवाड्याची मान ताठ झाली. हे ऋण आपण विसरता कामा नये.

परंतु आज या पद्धतीचा मोठा बाजार झाला आहे. लातूर शहरात तर एका भागास लोक ‘ट्यूशन एरिया’ म्हणूनच ओळखतात. उदगीर, अहमदपूर, मुखेड, देगलूर, किनवट अशा गावांतून पंधरा-सोळा वर्षांची मुले-मुली येथे येतात, एका खोलीत तिघे-चौघे राहतात, मेसचा डबा खातात आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकवणी व अभ्यासिका यांमध्ये फिरत राहतात. त्यांच्या फीसाठी बापाने सोयाबीनची पट्टी तशीच्या तशी मोडलेली असते, क्वचित् शेताचा तुकडाही विकलेला असतो.

येथे थोडा हिशेब करू. 2024 साली वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेस सुमारे 23 लाख मुले बसली. देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा तेव्हा सव्वा लाखाच्याही आत होत्या आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्या खासगी महाविद्यालयांच्या, म्हणजे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. याचा अर्थ असा की, सर्व मुलांनी जिवापाड अभ्यास केला तरी वीसांत एकालाच जागा मिळणार. उरलेल्या एकोणीसांस ती मिळणारच नाही. तो त्यांचा आळस नव्हे, ते केवळ गणित आहे. विसाव्या मुलाच्या स्वागताची तयारी आपण सर्वांनी केलेली आहे. हार, पेढे, फलक सारे सिद्ध आहे. प्रश्न उरलेल्या एकोणीस मुलांचा आहे. निकालाच्या दिवशी ती कोणत्या तोंडाने घरी येतात, याचा विचार आपण किती घरांत केला आहे?

मूल शिकावयास दूर गेले म्हणजे घराशी त्याचा धागा फोनचा. त्या फोनवर आपला पहिला प्रश्न कोणता असतो? “टेस्टमध्ये किती पडले?” जेवलास का, झोप झाली का, खोलीतला सोबती कसा आहे, हे प्रश्न मागून येतात, किंवा येतच नाहीत. हळूहळू मुलाच्या मनात अशी समजूत घट्ट बसते की, घरात आपणास जी जागा आहे ती या आकड्यापुरती आहे. आकडा घसरला की ते फोन टाळू लागते, सुट्टीत गावी येणे टाळू लागते, आणि आपण म्हणतो, “पोरगं अभ्यासात दंग आहे.” माझ्या मते आजच्या संगोपनातील सर्वांत मोठे संकट ते हेच. मोबाईल, टीव्ही, वेशभूषा यांविषयी वडीलमंडळी तक्रार करतात. त्या तक्रारींत तथ्य आहे, परंतु ज्या मुलास घरातील माणसांशी बोलावयास विषयच उरला नाही, ते मोबाईलकडे वळणार नाही तर काय करणार?

हा दुरावा लातूरला गेल्यावर सुरू होतो असे मात्र नाही. त्याचे बीज घरीच पडते. आठवी-नववीपासूनच आपण मुलास सर्व कामांतून मोकळे करतो. ताट अभ्यासाच्या टेबलावर नेऊन द्यावयाचे, पाहुणे आले तरी त्याने खोलीबाहेर यावयाचे नाही, आजी आजारी असली तरी तिच्याजवळ बसावयाचे नाही, कारण एकच, “त्याचा अभ्यास चालू आहे!” अशा मुलास ज्वारीचा भाव ठाऊक नसतो व आईचे गुडघे दुखतात हेही ठाऊक नसते. वस्तुतः काम आणि शिक्षण यांचे वैर नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे आणि पुढे 1957 पासून अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर जे कार्य केले, त्यात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली जात असे. शिक्षणासाठी मुलास त्याच्या जगण्यातून उपटून काढावे लागत नाही, हेच त्यांनी करून दाखविले. घरातील अर्ध्या तासाच्या कामाने कोणाचे गुण कमी झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. उलट, ज्याच्या हातून घरचे काही काम होते त्यास आपण घरात हवे आहोत हे न सांगता कळते. परीक्षेत अपयश आले तरी ते मूल सहसा कोलमडत नाही.

दुसरी गोष्ट सचोटीची. 2024 च्या ‘नीट’ची प्रश्नपत्रिका काही ठिकाणी फुटली होती, हे सर्वोच्च न्यायालयासही मान्य करावे लागले, आणि तपासाचे धागे आपल्या लातूरपर्यंत आले, ही मान खाली घालावयास लावणारी गोष्ट आहे. विकणारा गुन्हेगार आहेच; परंतु विकत घेणारा कोण असतो? तो कोणातरी मुलाचा पालकच असतो. गुण म्हणजेच सर्वस्व असे एकदा ठरले की ते कोणत्या मार्गाने आले हा प्रश्न गौण ठरतो. आणि बापाने जे विकत घेतले, ते मूल जन्मभर ओझ्यासारखे वाहते.

कोणी म्हणेल, “मास्तर, मग काय आमच्या मुलांनी डॉक्टर होऊ नये? शेतीत काय उरले आहे?” आक्षेप रास्त आहे. दुष्काळ आपण भोगला आहे. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोण विसरेल? कोरडवाहू शेतीतून सुटका हवी, हे मी नाकारीत नाही. मुलाची ओढ असेल, तयारी असेल, तर त्यास जरूर पाठवावे. माझे म्हणणे इतकेच की, पाठविताना परतीची वाट मोकळी ठेवावी. शासकीय तंत्रनिकेतने, आय.टी.आय., कृषी महाविद्यालय, नांदेडचे श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय या वाटा याच दोन जिल्ह्यांत आहेत. त्या मुलास दहावीपूर्वी हिंडून दाखवाव्यात. तसेच जानेवारी 2024 मध्ये केंद्र शासनाने सोळा वर्षांखालील मुलांस शिकवणीवर्गांत प्रवेश देऊ नये अशी मार्गदर्शक सूचना काढली आहे. सातवी-आठवीच्या लेकरांस घराबाहेर काढणाऱ्या पालकांनी निदान तिचा विचार करावा. आणि जे मुलास द्यावयाचे तेच मुलीसही द्यावे. मुलासाठी कर्ज व मुलीसाठी स्थळ, हा भेद आपल्या घरांतून गेला पाहिजे.

शेवटी मंडळापुढे नम्रपणे दोन सूचना ठेवतो.

आपल्या गुणगौरव समारंभात टक्केवारी मोठ्याने वाचली जाते आणि स्मरणिकेत छायाचित्राखाली छापली जाते. सभागृहात मागे बसलेल्या मुलांचे चेहरे त्या वेळी कोणी पाहतो काय? सत्कार अवश्य व्हावा, पण आकडा वगळून. आणि ज्याने एकदा नापास होऊन पुन्हा परीक्षा दिली, जिने आजारी वडिलांची शेती सांभाळून बारावी केली, ज्याने आय.टी.आय. करून स्वतःचे वर्कशॉप उघडले, त्यांचाही सत्कार त्याच व्यासपीठावर व्हावा.

दुसरी सूचना अशी. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सात घरी सात वार. त्या प्रथेत उपकाराची बोच होती हे खरे, परंतु परगावच्या मुलास एखादे घर आपले वाटे हेही खरे. लातूर व नांदेड शहरांत राहणाऱ्या आपल्या प्रत्येक कुटुंबाने गावाकडून आलेल्या दोन मुलांना दर रविवारी घरी जेवावयास बोलवावे. उपकार म्हणून नव्हे, घरचे म्हणून. ताट त्यांनी स्वतः वाढून घ्यावे, उचलावेही. आणि यजमानांनी एकच पथ्य पाळावे, परीक्षेविषयी एक शब्दही विचारू नये. ज्या सभासदांना हे मान्य असेल त्यांनी आजच चिटणीसांकडे आपले नाव व पत्ता नोंदवावा.