नॉर्वेची किनारी बोट

नॉर्वेच्या नैर्ऋत्येकडील बर्गन बंदरातून निघून रशियाच्या सीमेजवळ किर्केनेसला पोहोचणाऱ्या जहाजमार्गाचे नाव हुर्तिग्रुतेन. कप्तान रिचर्ड विथ यांनी 1893 साली ‘वेस्टेरालेन’ या आगबोटीने ट्रॉन्हाइम ते हामरफेस्ट अशी ही सेवा सुरू केली. त्याआधी या टापूत हिवाळ्यात टपाल पोहोचायला महिनेच्या महिने लागत. खडकाळ किनारा, दीपगृहे मोजकी, त्यामुळे रात्री बोट हाकारायला कोणी धजत नसे. विथ यांनी होकायंत्र, घड्याळ आणि वेग यांच्या टिपणांवर ते जमवले.

आज या मार्गावर 34 बंदरे आहेत. प्रवासी हौसेने येतात, पण वेळापत्रक अजून मालाच्या सोयीने चालते. लहान गावी बोट जेमतेम पंधरा मिनिटे थांबते. तेवढ्यात कुशीतला दरवाजा उघडतो, फोर्कलिफ्ट खोकी उतरवते, एखादे कुटुंब चढते आणि बोट सुटते. गाव पाहायचे तर धक्क्यावरूनच.

मोठ्या मुक्कामाची गावे वेगळी. ओलेसुंड 1904 च्या आगीत बेचिराख झाले. पुढच्या काही वर्षांत दगडविटांची, मनोरे आणि वेलबुट्टीची घरे उभी राहिली. शहर देखणे झाले ते त्या आगीमुळेच, असे म्हणायला हरकत नाही. लोफोटेन बेटांवर हिवाळ्याच्या अखेरीपासून कॉड मासा मिठाशिवाय वाळवतात. वर्सोव्याच्या बोंबलांच्या वलांडीची आठवण यावी अशा लाकडी मांडवांवर शेपट्या बांधून जोडीजोडीने मासे टांगलेले असतात. थंडी आणि वारा यांच्या नेमक्या मेळामुळे ते सडतही नाहीत, गोठून खराबही होत नाहीत.

लोफोटेनच्या उत्तरेला फिनमार्क. 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा मुलूख जाळला. होनिंगस्वोगमध्ये फक्त चर्च उरले आणि परतलेल्या रहिवाशांनी आधी तिथेच बिऱ्हाडे थाटली. म्हणून इथली घरे साधी, एकसारखी आणि युद्धानंतरची. जुने लाकडी गाव शोधणाऱ्याची निराशाच होते.

इतक्या उत्तरेला असूनही ही बंदरे बर्फाने बंद पडत नाहीत, कारण अटलांटिकचा उबदार प्रवाह किनाऱ्यालगत वाहतो. किर्केनेसला काही तास थांबून बोट दक्षिणेकडे वळते. जाताना रात्री लागलेली बरीचशी बंदरे परतीला दिवसा लागतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचा प्रवास करणाऱ्यालाच किनारा पुरता दिसतो.