मोतद्दाराचा हात

अश्वक्रीडेचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून येते, तेव्हा त्यात घोडा असतो आणि स्वार असतो. घोड्याची कांती तुकतुकीत असते, आयाळीच्या वेण्या मानेवर ओळीने बसविलेल्या असतात, खोगिराचे चामडे चकाकत असते. हे सारे ज्या हातांनी केले, ते हात त्या चित्रात नसतात. ते कुंपणापलीकडे झूल आणि पाण्याची बादली सांभाळीत उभे असतात. आपल्याकडे अशा माणसाला मोतद्दार म्हणत. शिलेदार आणि बारगीर इतिहासाच्या पुस्तकांत नावानिशी राहिले. पण त्यांच्या घोड्यांना खरारा करणारा, चंदी चारणारा, तोबरा चढविणारा मोतद्दार त्या पुस्तकांच्या पानांत क्वचितच भेटतो.

आजच्या काळी मोतद्दाराची खरी कसोटी पाहणारी स्पर्धा कोणती, असे विचारले तर ईव्हेंटिंगचे नाव घ्यावे लागेल. या स्पर्धेचा उगम लष्करी आहे. स्वारदळातील घोडा संचलनात आज्ञाधारक, रणात निधडा आणि थकल्यानंतरही दुसऱ्या दिवशी कामाला उभा राहणारा असावा, या अपेक्षेतून ती जन्मली. १९१२ मध्ये स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये ती प्रथम झाली, तेव्हा तीत केवळ लष्करी अधिकारी उतरले होते. पुढे मुलकी स्वारही तीत आले आणि १९६४ मध्ये टोकियोला पहिली स्त्री स्वार या स्पर्धेत दिसली. स्पर्धेची अंगे तीन. पहिले ड्रेसाज, म्हणजे स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यावर घोड्याने दाखवावयाच्या डौलदार चाली. दुसरे क्रॉस-कंट्री, म्हणजे माळरान, पाणी, चर आणि पक्क्या ओंडक्यांचे अडथळे ओलांडीत केलेली भरधाव दौड. तिसरे शो जंपिंग, म्हणजे हलक्या धक्क्याने पडणाऱ्या दांड्यांवरून घेतलेल्या नेमक्या उड्या. तिन्ही अंगांत घोडा तोच आणि स्वारही तोच.

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात बॅडमिंटन या गावी ही स्पर्धा १९४९ मध्ये सुरू झाली. आदल्याच वर्षी लंडनला ऑलिंपिक झाले होते, आणि ब्रिटिश स्वारांना पुढील ऑलिंपिकसाठी सराव मिळावा, या हेतूने तेथील ड्यूकने आपली जमीन खुली केली. अशा स्पर्धांसाठी घोडे तयार करणाऱ्या पागांमध्ये आज हे काम करणाऱ्यांत तरुण मुलींचा भरणा मोठा आहे. अशा एखाद्या मुलीचा दिवस कसा जातो, ते पाहण्यासारखे आहे.

तो उजाडण्यापूर्वी सुरू होतो. घोड्याचे पोट त्याच्या देहाच्या मानाने लहान, आणि त्याला ओकारी होत नाही. म्हणून एकदम भरपेट खाऊ घातले, तर पोटशूळ उठून जीवावर बेतू शकते. चंदी थोडी थोडी आणि वेळच्या वेळी द्यावी लागते. गवत आणि पाणी मात्र सदैव जवळ हवे. ती ठाणात शिरताच प्रथम गव्हाणीकडे पाहते. रात्रीची चंदी शिल्लक असेल, तर त्या दिवसाची पहिली काळजी तेथेच सुरू होते. मग लीद उपसणे, पेंढा बदलणे, खरारा करणे, खूर साफ करणे. त्यानंतर घोडा फिरवून आणावयाचा. घोडा का अडला, या आपल्याकडच्या जुन्या कोड्याचे उत्तर तिला कोणी शिकविलेले नसते. पण न फिरविलेला घोडा अडतो, हे ती अनुभवाने जाणते.

मात्र या सर्वांहून महत्त्वाचे काम दिसायला अगदी क्षुल्लक असते. ती घोड्याशेजारी बसते आणि त्याच्या पुढच्या पायांवरून, गुडघ्यापासून खाली, हळूहळू तळहात फिरविते. मागच्या बाजूची कंडरा आणि त्या भोवतालची त्वचा ती रोज चाचपते. उडीनंतर जमिनीवर उतरताना देहाचा सारा भार क्षणभर पुढच्या पायांवर येतो, आणि इजा झाली तर पुष्कळदा ती या कंडरेलाच होते. प्रारंभी लंगडणे नसते, सूज नसते. असते ती फक्त किंचित ऊब. कालच्या आणि आजच्या स्पर्शातला हा फरक ओळखायचा, तर कालचा स्पर्श हाताच्या लक्षात राहिलेला असावा लागतो. घोड्याच्या अंगाचे तापमान साधारण साडेसदतीस ते साडेअडतीस अंश सेल्सिअस असते, हे तापमापक सांगतो. पण घोड्याची दृष्टी आज मंद का आहे, ते तापमापक सांगत नाही.

स्पर्धेच्या आठवड्यात या कामांची लगबग दुपटीने वाढते. ड्रेसाजच्या दिवशी ओल्या आयाळीचे सारखे भाग करून वेण्या घालावयाच्या आणि सुईदोऱ्याने टाचावयाच्या. क्रॉस-कंट्रीच्या दिवशी नालांच्या छिद्रांत पकडीसाठी लोखंडी खुंट्या पिळून बसवावयाच्या; जमीन ओली असेल तर मोठ्या, कडक असेल तर लहान. बॅडमिंटनची ही दौड सहा किलोमीटरांच्या आसपास असते, आणि या दर्जाच्या स्पर्धेत घोड्याने मिनिटाला ५७० मीटर धावावे, अशी अपेक्षा असते. त्या दहा-अकरा मिनिटांत मोतद्दाराला करण्यासारखे काहीच नसते. तिने ध्वनिक्षेपकाकडे कान लावून उभे राहावयाचे, एवढेच.

घोडा परतला की तिचे काम एका श्वासात सुरू होते. तंग सैल करावयाचा, खोगीर उतरावयाचे, अंगावर गार पाणी ओतीत राहावयाचे आणि मधून मधून त्याला चालवावयाचे. तापलेल्या अंगावर थंड पाणी ओतले तर स्नायू आखडतात, अशी पूर्वी समजूत होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपूर्वी, तेथील दमट उन्हाळा ध्यानात घेऊन शास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केले आणि ती समजूत खोटी ठरली. भरपूर गार पाण्याने घोडा लवकर निवतो आणि त्याला इजा होत नाही, हे सिद्ध झाले.

मग येते ती रात्र. पायांना बर्फ लावणे, मातीचा थंड लेप देणे, दर काही तासांनी उठून पाहणे. कारण दुसऱ्या सकाळी पंच आणि पशुवैद्य यांच्यासमोर घोडा दौडवून दाखवावा लागतो. जो घोडा सरळ, निर्दोष पावले टाकणार नाही, त्याला शेवटच्या फेरीत प्रवेश नाही. वेदना लपविणारी औषधे देणे तर नियमाने निषिद्धच आहे.

याच सकाळी मोतद्दाराच्या शीलाची परीक्षा होते. समजा, पहाटे तिच्या तळहाताला ती किंचित ऊब जाणवली. स्वार दुसऱ्या क्रमांकावर आहे. घोड्याच्या धन्याने वर्षानुवर्षे पैसा ओतला आहे. ऊब इतकी थोडी आहे, की पंचांच्या नजरेस ती कदाचित येणारही नाही. सांगावे तर सर्वांच्या आशेवर पाणी पडते, आणि शंका खोटी ठरली तर तिच्याच नोकरीवर गदा येते. न सांगावे, तर पुढच्या उडीत ती कंडरा तुटू शकते. घोड्याला बोलता येत नाही, आणि मोतद्दाराला बोलायची चोरी! तरीही चांगला मोतद्दार बोलतो, आणि चांगला स्वार ऐकतो. ज्या पागेत हे बोलणे-ऐकणे चालते, तेथले घोडे अनेक वर्षे टिकतात. २०२१ मध्ये टोकियोला क्रॉस-कंट्रीच्या अखेरीस स्विस पथकाच्या एका घोड्याचा अस्थिबंध तुटला आणि त्याला दयामरण द्यावे लागले. अशी दुर्घटना सारी दक्षता घेऊनही घडू शकते. म्हणूनच जी टाळता येईल, ती टाळण्याचे मोल अधिक.

या जबाबदारीच्या मानाने मोबदला मात्र तुटपुंजा असतो. राहण्याची सोय पागेतच, म्हणून कामाचे तास मोजण्याची पद्धत नसते. लाथ बसली, पाठ धरली, तर तेही नशिबाचे मानले जाते. पदक स्वाराच्या गळ्यात पडते. मोतद्दारासाठी पदक नसते. अलीकडे थोडा फरक पडला आहे. ब्रिटनमध्ये मोतद्दारांची संघटना उभी राहून लेखी करार आणि ठराविक तास यांची मागणी करू लागली, आणि आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २००९ पासून उत्कृष्ट मोतद्दारासाठी पुरस्कार ठेवला.

आपल्या देशालाही हा विषय परका नाही. १९५३ मध्ये संस्थानी स्वारदळे एकत्र करून जी घोडदळाची पलटण उभारली, ती पुढे एकसष्टावी कॅव्हलरी म्हणून प्रसिद्धीस आली. तीत ग्वाल्हेरच्या लान्सर्सचाही अंश होता. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत रघुवीरसिंग यांनी ईव्हेंटिंगचे सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर वैयक्तिक पदकासाठी छत्तीस वर्षे वाट पाहावी लागली. २०१८ मध्ये जाकार्ता येथे फवाद मिर्झा यांनी सेनॉर मेडिकॉट या घोड्यावर रौप्यपदक जिंकले, आणि त्याच घोड्यासह ते २०२१ मध्ये टोकियोला तेविसावे आले. या नावांची नोंद झाली, हे योग्यच आहे. पण अशा प्रत्येक घोड्यामागे पहाटे उठून त्याच्या पायावरून हात फिरविणारे कोणीतरी असतेच.

विद्वत्तेचा मान ग्रंथांना मिळतो, शौर्याचा मान तलवारीला मिळतो. तळहातात साठविलेल्या ज्ञानाला मात्र मानाचे पान मांडलेले नसते. शुश्रूषा करणारी परिचारिका, बाळंतपण करणारी सुईण, गुरांचे दुखणे डोळ्यांवरून ओळखणारा गुराखी आणि हा मोतद्दार, ही सारी एकाच पंक्तीची माणसे. ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही, त्याचे दुखणे आधी ओळखणे आणि ओळखल्यावर ते निर्भयपणे बोलून दाखविणे, हेच त्यांचे शास्त्र. यापुढे एखाद्या विजयी घोड्याचे चित्र दिसले, तर क्षणभर त्याच्या पायांकडे पाहावे. ते चारही पाय निकोप असतील, तर त्या विजयात मोतद्दाराचाही वाटा आहे.