पितळी पिचकारी



आज एका पिचकारीची हकिकत सांगतो. गेल्या शिमग्यात आमच्या माळ्यावर ती सापडली. १९७१ साली वडिलांनी आम्हां दोघा भावांत मिळून ती एकच घेतली होती. पुढे शेताची वाटणी झाली. भाऊ समोरच्याच आळीत राहतो. पण सात वर्षे आमचे बोलणे नव्हते.

नातू म्हणाला, "आजोबा, ही मोडकी आहे. भंगारात देऊ."

आम्ही म्हटले, "थांब बाळा. आधी तिचे दुखणे तर पाहू."

पिचकारीला नळी असते. नळीत दांडा असतो. दांड्याच्या टोकाला दट्ट्या, आणि त्यावर चामड्याची चकती. तिला आपण वायसर म्हणतो. दांडा मागे ओढला, की नळीत पोकळी होते. बाहेरची हवा बादलीतल्या पाण्यावर दाब देते. त्या दाबाने पाणी नळीत चढते. वायसर वाळून आक्रसला, तर बाजूने हवा शिरते. मग पाणी चढायचे कसे?

आमचा वायसर तडकलाच होता. चपला शिवणाऱ्याकडून आम्ही नवी चकती कापून घेतली. रात्रभर गोडेतेलात भिजवली. चिंच-मीठ लावून पितळेवरचा हिरवा कळंक काढला, आणि नळी स्वच्छ धुतली. तोंडाच्या भोकात जुना रंग बसला होता. तो बारीक सुईने काढला. तिथे खिळा घालू नये. भोक मोठे झाले, की धार लांब जात नाही.

आता परीक्षा. तोंडावर बोट दाबून दांडा ओढावा आणि सोडावा. तो आपोआप आत गेला, तर वायसर ठीक बसला असे समजावे. आमचा दांडा झटकन आत गेला! नातू टाळ्या पिटू लागला.

पिचकारी दुरुस्त झाली. पण आम्हांला चैन पडेना. ती काही आमच्या एकट्याची नव्हती.

रंगपंचमीला पळसाच्या फुलांचा रंग उकळला. तो निववून, नातवाला घेऊन आम्ही भावाच्या दारी गेलो. काय बोलावे सुचेना. पिचकारी पुढे केली. भावाने तोंडावर बोट धरले, दांडा ओढला, सोडला.

"दादा, वायसर चांगला बसवलास," तो म्हणाला. मग आत वळून त्याने चहा टाकायला सांगितले.

मंडळी, वस्तू टाकण्याआधी एकदा उघडून पाहा. पुष्कळदा सगळी वस्तू बिघडलेली नसते. आतली एक चकती तेवढी वाळलेली असते.