गावच्या रंगमंचासाठी छोटी नाटके

दिवाळीची सुट्टी संपली, की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागतात आणि गुरुजींपुढे दरसालचा प्रश्न उभा राहतो : यंदा नाटक कोणते बसवायचे? मग कपाटातून एक पिवळे पडलेले पुस्तक निघते. त्यात एक विसराळू मालक असतो, एक बोबडा नोकर असतो आणि लुगडे नेसून ठुमकणारा एक मुलगा असतो. लोक पोट धरधरून हसतात, हे खरे. पण हसतात कुणाला? बोबड्याला, अडाण्याला, काळ्या मुलीला. पुढे बसलेल्या मुलांत एखादा बोबडा असतोच की! त्याला त्या रात्री काय वाटत असेल, याचा आपण विचार करीत नाही.

आज मी आपल्याला अशी काही छोटी नाटके सुचवणार आहे, की ज्यांत हसू येते ते सावकाराचे, हुंडा मागणाऱ्या व्याह्याचे, पोथीच्या आडून पोट भरणाऱ्याचे आणि मते मागायला आलेल्या पुढाऱ्याचे.

नव्याकडे वळण्यापूर्वी एक जुने नाव घेतो, कारण ते अजून शिळे झालेले नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. कथा अगदी साधी. कुणब्याची बायको गरोदर आहे. जोशीबुवा दारात येतात, ग्रह वाईट असल्याची भीती घालतात आणि अनुष्ठानाच्या नावाखाली त्या गरीब जोडप्याला कर्जात लोटतात. पुढे एक पाद्री भेटतो, डोळे उघडतात आणि ती दोघे शिकायला निघतात. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारले होते. त्यात गंमत आणली आहे ती विदूषकाने. जोशीबुवा काही बोलले, की हा मध्येच येतो आणि पुढे बसलेल्यांच्या मनातले बोलून जातो. तमाशातला सोंगाड्या हेच करतो, म्हणून खेड्यातल्या प्रेक्षकाला तो परका वाटत नाही. कुणी म्हणेल, एवढे जुने नाटक आज कोण पाहणार? मी म्हणेन, जोशीबुवांच्या जागी कोण आले आहे ते तुम्हीच गावात बघा! पोरगे आजारी पडले की दवाखान्याच्या आधी अंगाऱ्याकडे धावणारी घरे अजून आहेत. संहिता शोधायला फार लांब जायला नको. साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेल्या फुले समग्र वाङ्मयात ती आहे. भाषणे लांब वाटली तर थोडी छाटा, पण विदूषकाला हात लावू नका.

तीच परंपरा अण्णा भाऊ साठे यांनी कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या सभांत नेली. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या सोबतीने त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ ही त्यांच्या लोकनाट्यांची नावे ऐकूनच विषय ध्यानात येतो. यांना ढोलकी हवी, तुणतुणे हवे आणि तोंडाळ नट हवेत. ज्या गावात भजनी मंडळ आहे, तिथे निम्मे काम झालेलेच असते.

आता अलीकडची. ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ साली रंगभूमीवर आणले आणि पुढे गावोगाव नेले. मुलगी जन्मली की घरातली तोंडे कशी उतरतात, इथपासून तिचे शिक्षण, लग्न, हुंडा अशी सारी वाट हे नाटक गाण्यांतून आणि थट्टेतून चालते. नेपथ्य जवळजवळ नाहीच. शाळेतल्या पंधरावीस मुली सगळे नाटक पेलू शकतात. सासऱ्याचे कामही मुलीलाच द्या. मुलगी खोट्या मिशा लावून हुंड्याची यादी वाचू लागली, की खरे सासरे खाली मान घालतात!

प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही १९७७ सालची एकांकिका मात्र जरा जपून हाताळावी लागते. तिला फक्त दोन नट लागतात. पाण्यासारखी साधी वस्तू माणूस माणसाला नाकारतो, हा तिचा विषय. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला आणि पन्नास वर्षांनी लेखकाला हे लिहावे लागले, एवढे मुलांना आधी सांगा. हिच्यातला उपरोध कडवट आहे. प्रेक्षक हसता हसता मध्येच थांबतो. लहान मुलांकडून ही करवू नये. गावातल्या तरुण मंडळाने करावी. माझ्या मते छोट्या नाटकाची खरी ताकद इथे दिसते.

जालना जिल्ह्यातले जांबसमर्थ हे समर्थ रामदासांचे गाव म्हणून आपल्याला ठाऊक आहे. तिथले राजकुमार तांगडे यांनी ‘आकडा’ नावाचे नाटक लिहिले. तारेवर टाकायचा आकडा कोणता, हे खेड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २०१३ साली खून झाल्यावर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अतुल पेठे यांच्याकडून शिकून रिंगणनाट्ये सुरू केली. त्यांना रंगमंच लागत नाही, पडदा लागत नाही. लोक गोल बसले, की मधली मोकळी जागा हाच मंच. रात्री वीज गेली, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर प्रयोग होऊ शकतो.

शहरांतल्या स्पर्धांत गाजलेल्या एकांकिका आणून जशाच्या तशा बसवण्याचा मोह काही शिक्षकांना होतो. तो आवरावा. त्यांतल्या बऱ्याच प्रकाशयोजनेवर उभ्या असतात, आणि आपल्याकडे दोन ट्यूबलाइट असतात, त्यांतली एक फडफडते. शिवाय अशा एकांकिकांतून गावचा माणूस पुष्कळदा बावळट बोलीत बोलताना दिसतो. आपल्याच बोलीला आपल्याच मुलांनी का हसावे?

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. हयात लेखकाचे नाटक करायचे असेल, तर त्याची लेखी परवानगी घ्या आणि मानधनाचेही विचारा. शाळेचा प्रयोग आहे, तिकीट नाही, हे पत्रात स्पष्ट लिहा. हे पत्र तालमी सुरू होण्याआधी टपालात पडले पाहिजे.