तिच्या घरातलं, आपण काय करणार?

तायांनो, गटातली मैत्रीण मार खाऊन बैठकीला येते, बचत भरते, गप्प बसते. आपला जीव तुटतो, पण तोंड उघडत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तिच्यासाठी कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. मात्र आधी तिला विचारा. एकटीला गाठून, चारचौघींत नको. "सोडून दे त्याला" म्हणणं सोपं आहे हो. पोरं, शेत, माहेर सगळं तिलाच बघायचंय. आधार, पासबुक तुमच्याकडे ठेवायचंय का, विचारा. 181 नंबर तिच्याकडून पाठ करून घ्या, मोबाईल नवरा तपासतो. जिवावर बेतलं तर मात्र थांबू नका, तुम्हीच 112 लावा.