पाण्यांतील हात

मेक्सिको देशांत पूर्वीं आझटेक लोकांचें राज्य होतें. तेथील डोहांत 'आहुइत्सोत्ल' नांवाचें एक भयंकर जनावर राहतें, अशी त्यांची समजूत होती. बर्नार्दिनो दे साआगुन या स्पॅनिश धर्मोपदेशकानें सोळाव्या शतकांत तेथील वृद्धांना विचारून मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यांत याचें वर्णन आहे. देह लहानशा कुत्र्याएवढा, अंग काळें व तुळतुळीत, आणि शेपटीच्या टोंकास माणसासारखा हात! त्या हातानें तें कांठावरील माणसास ओढून नेई. प्रेत कांहीं दिवसांनीं वर येई, तेव्हां त्यास डोळे, दांत व नखें नसत. पुरोहितावांचून त्यास कोणी शिवत नसे. मात्र मृताचा आत्मा पर्जन्यदेव त्लालोक याच्या स्वर्गांत जातो, असें मानीत.

महाराष्ट्रांतील माणसास ही कथा अगदींच परकी वाटणार नाहीं. आपल्याकडे डोहाच्या वा विहिरीच्या कांठीं शेंदूर फांसलेले सात दगड दिसतात. त्या साती आसरा. 'अप्सरा' या शब्दाचेंच हें रूप. त्यांना हळदकुंकू, हिरव्या बांगड्या व खण वाहतात. कोणी बुडाला, कीं 'आसरांनीं ओढलें' असें लोक म्हणत.

हें भय सर्वस्वीं व्यर्थ नव्हतें. तो शेंदूर म्हणजे 'येथें पाणी खोल आहे' अशी निरक्षरालाही वाचतां येणारी पाटीच होती. दोष एवढाच, कीं बुडण्याचें खापर देवतेवर फोडल्यावर खऱ्या कारणाचा शोध कोणी घेत नसे.

आतां विंचूरकडे पाहा. निफाड तालुक्यांतील हा गांव. भोंवतीं कांदा व द्राक्षें. बागांसाठीं या भागांत शेततळीं झालीं आहेत, आणि त्यांच्या तळाशीं व उतारावर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओला कागद शेवाळानें इतका निसरडा होतो, कीं आंत पडलेल्यास पाय रोवतां येत नाहीं. पोहणाराही थकून बुडतो, आणि वांचविण्यास उडी घेणारा त्याच्यामागें जातो. येथें ओढणारा हात कोणाचाच नाहीं, आणि सावध करणारा शेंदूरही नाहीं.

तेव्हां तळ्याभोंवतीं कुंपण असावें, चारी बाजूंनीं गांठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडलेले असावेत, आणि हवा भरलेली ट्यूब कांठीं बांधलेली असावी. बुडणाऱ्याकडे प्रथम दोर टाकावा. उडी घेऊं नये. मुलांना पोहणें शिकवावेंच, पण या तळ्यांत नव्हे. आसरांना खण वाहणाऱ्या हातांनीं एक दोरही बांधावा, म्हणजे त्या भक्तीचें सार्थक होईल.